जुन्या स्प्लेंडरला गिअरचा आकडा लावण्याआधी हिरवा दिवा जिवंत करा

चोपड्याहून एका भाऊंचा प्रश्न आहे. घरी 2003 ची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. वडील, म्हणजे नाना, ती रोज शेतात आणि बाजाराला नेतात. साखरेमुळे नानांचा डावा पाय बधिर झालाय, कितवा गिअर पडला ते पायाला कळत नाही. चौथ्यात असताना पाचवा शोधत बसतात, चौकात तिसऱ्यावरच गाडी उचलतात आणि ती बंद पडते. म्हणून मीटरवर गिअरचा आकडा हवा. रविवारी गाडी भाऊंच्या हातात असते, तेव्हा सातपुड्याकडे फिरायला शिफ्ट लाइटही, म्हणजे गिअर बदलायची वेळ झाली की लागणारा दिवा, हवी. ऑनलाइन मिळणारं किट मागवायचं की मिस्त्रीकडून करून घ्यायचं, असं त्यांनी विचारलंय.

मी जळगावात अजिंठा चौफुलीजवळ पंचवीसेक वर्षं टू-व्हीलरच्या वायरिंगची कामं करतो. असे आकडे बरेच बसवले, त्यातले काही परत काढूनही दिले. त्यामुळे किटचं नाव सांगण्याआधी थोडं सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी गाडीबाहेरची एक गोष्ट. बधिरता फक्त डाव्या पायाला आहे ना, हे नीट विचारून घ्या. स्प्लेंडरचा मागचा ब्रेक उजव्या पायावर असतो. उजवा पायही तसाच झाला असेल तर ब्रेक किती दाबला गेला हेही नानांना कळणार नाही, आणि त्यावर माझ्याकडे कुठलाच दिवा नाही. ते डॉक्टरांना विचारा, मग गाडीकडे या.

आता गाडी. तुमच्या स्प्लेंडरचे चारही गिअर पंजाने पुढे दाबून पडतात आणि टाचेने मागे येतात. न्यूट्रल एका टोकाला आहे, पहिल्याच्या आधी. पल्सरसारख्या गाडीत तसं नसतं, तिथे न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये लपलेलं असतं. तुमच्या अडचणीचं अर्धं उत्तर या एका फरकात आहे. गाडी थांबली की टाच मारत राहायची, मीटरवरचा न्यूट्रलचा हिरवा दिवा लागेपर्यंत. लागला की पंजाने एकदा दाबायचं. तो पहिलाच असणार, दुसरा असूच शकत नाही. यात पायाला काही कळावं लागत नाही, डोळ्याला हिरवा दिवा दिसला की झालं.

पण मला शंका आहे की तुमच्या गाडीचा हिरवा दिवा लागत नसेल. वीस वर्षांच्या दहा स्प्लेंडर आल्या तर निम्म्यांचा तो मेलेला असतो, आणि मालकाला आठवतही नाही की तो कधी लागत होता. बल्ब उडालेला असतो, नाहीतर डाव्या कव्हरखाली स्प्रॉकेटजवळ (चेनच्या दातेरी चाकाजवळ) वायर चेनला घासून तुटलेली असते, नाहीतर कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, हिरवं जंग चढलेलं असतं. न्यूट्रलची वायर फिकट हिरवी, तिच्यावर लाल रेघ. इंजिनाकडून येणारी ती वायर कपलरमधून सोडवा, वायरिंगच्या बाजूचं टोक चाव्या चालू ठेवून बॉडीला टेकवा. दिवा लागला तर बल्ब आणि वरची वायरिंग ठीक आहे, दोष खाली स्वीचकडे. नाही लागला तर दोष वर मीटरकडे. पाच मिनिटांचं काम आहे. हे झाल्यावर आठ दिवस नानांना तशीच गाडी चालवू द्या. चौकात बंद पडण्याची तक्रार तिथेच मिटली तर पुढचा खर्च फक्त तुमच्या हौसेचा उरतो.

चालत्या गाडीचा प्रश्न मात्र राहतोच. चौथ्यात पाचवा शोधणं, तिसऱ्यात आहे समजून चौथ्यातच चढ चढवणं. त्यासाठी आकडा लागतो, आणि तो मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक गिअरबॉक्सला विचारणं, दुसरा हिशेब करणं.

गिअरबॉक्समध्ये एक ड्रम असतो. तुम्ही लिव्हर दाबता तेव्हा तो ठरावीक कोनात फिरतो आणि त्याच्या खाचांमुळे गिअर सरकतात. ड्रमच्या टोकाला एक टिकली असते, ती न्यूट्रलच्या जागी आली की स्वीचच्या टोकाला टेकते, वायर अर्थ होते, दिवा लागतो. नव्या गाड्यांत आकडा दिसतो तो याच टोकावरून येतो. फक्त एका टोकाऐवजी प्रत्येक गिअरला वेगळं टोक असतं, किंवा कोन मोजणारा सेन्सर असतो. हा आकडा कधी खोटं बोलत नाही. गाडी उभी असो, क्लच दाबलेला असो, इंजिन बंद असो, ड्रम जिथे आहे तेच तो सांगतो.

दुसरा मार्ग हिशेबाचा. इंजिन किती फिरतं आणि चाक किती फिरतं याचं प्रमाण प्रत्येक गिअरला ठरलेलं असतं. दोन्ही मोजा, भागा, गिअर कळतो. बाजारात ‘युनिव्हर्सल, शिकणारं’ म्हणून मिळतं ते किट बहुधा हेच करतं. एकेका गिअरमध्ये गाडी चालवून त्याला प्रमाण शिकवायचं असतं. याला इंजिन उघडावं लागत नाही, हा मोठा फायदा. तोटा असा की गाडी उभी असली किंवा क्लच दाबलेला असला की प्रमाणाला अर्थ नसतो, आणि तेव्हा चांगलं किट गप्प बसतं, वाईट किट काहीही दाखवतं.

हे प्रमाण तुम्हाला घरी काढता येतं, आणि कुठलंही किट घेण्याआधी काढाच, कारण त्यातून तुमची गाडी तुम्हाला कळते. गाडी मेन स्टँडवर घ्या, चाव्या बंद ठेवा, प्लग काढा म्हणजे इंजिन हलकं फिरेल. इंजिनाच्या मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या फिरत्या चाकाच्या) कव्हरवरची मधली टोपी उघडा, आतला नट दिसेल. गिअर टाका आणि मागचं चाक हाताने बरोबर एक फेरा फिरवा, टायरच्या व्हॉल्व्हवरून खूण धरा. एक जण चाक फिरवणारा, एक जण नटचे फेरे मोजणारा. कंपनीचं 14 आणि 44 दातांचं चेन-स्प्रॉकेट असेल तर चौथ्यात सव्वाअकराच्या आसपास फेरे येतात, तिसऱ्यात साडेचौदा, दुसऱ्यात वीस, पहिल्यात सदतीस. पुढचं स्प्रॉकेट कोणी 15 दातांचं टाकलं असेल तर सगळे आकडे सात टक्क्यांनी खाली येतील. चाकाचे फेरे मागच्या चाकावरून मोजले तर टायर कुठला आहे याने या आकड्यांत काही फरक पडत नाही, कारण आपण किलोमीटर मोजतच नाही.

चौथा आणि तिसरा यांच्यात जवळजवळ तीस टक्क्यांचं अंतर आहे, म्हणजे चार गिअरच्या गाडीत हिशेबाचं किट सहसा गोंधळत नाही. गोंधळलं तर दोष बहुतेक दुसरीकडे असतो. एक किस्सा सांगतो. यावलकडचे एक काका दुधाच्या दोन कॅन लावून स्प्लेंडर चालवायचे. आकडा बसवून दिला, पंधरा दिवसांत परत आले. म्हणाले, “भाऊ, हाऊ आकडा खोटं बोलस. चौथामा चढ लागना का तो तीन दखाडस.” मी सेन्सर बदलला. परत आले. चाकाचं मॅग्नेट बदललं. परत आले. तिसऱ्यांदा मी स्वतः मागे बसलो, कॅनसकट. चढावर इंजिन रडायला लागलं, पण गाडीचा वेग वाढेना. क्लच प्लेटा घसरत होत्या. इंजिन पुढे पळत होतं, चाक मागे राहत होतं, आणि बिचारा आकडा जे मोजलं तेच सांगत होता. प्लेटा टाकल्या, आकडा चारवर ठाम. तेव्हापासून चढावर आकडा लुकलुकतो अशी तक्रार आली की मी आधी क्लचच बघतो.

मग नानांसाठी कुठला? माझं मत ड्रमवरचा. चार गिअरच्या काही इंजिनांना टॉप गिअरचा दिवा किंवा पूर्ण आकडा कंपनीनेच दिलेला असतो, पूर्ण आकडा असेल तिथे न्यूट्रल स्वीचच्या जागी पाच टोकांचा स्वीच येतो. तुमच्या इंजिनाला त्यातला कुठला बसेल हे नावावरून ठरवू नका. जुना स्वीच काढून हातात घ्या आणि दुकानात जाऊन समोरासमोर ठेवा: स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, आत शिरणाऱ्या भागाची खोली, टिकली कुठे टेकते ते. तिन्ही जुळलं तरच घ्या. स्वीच काढताना थोडं ऑइल येतं, खाली डबा ठेवा, आणि परत लावताना ओ-रिंग नवीच टाका. जुनी परत लावली तर महिन्याभरात स्प्रॉकेटवर ऑइल, ऑइलवर आपली काळी माती, आणि त्याचा दगड. स्वीच बसला की प्रत्येक वायर मल्टिमीटरवर तपासा: चाक फिरवत एकेक गिअर टाका, एका वेळी एकच वायर बॉडीला जुळलेली दिसली पाहिजे. जुन्या टेस्ट लॅम्पने हे तपासू नका, त्या बारीक टोकांतून बल्बचा करंट नेण्याची गरज नाही.

स्वीच जुळला नाही तर मन घट्ट करून हिशेबाचं किट लावा. हिरवा दिवा चालू असेल आणि थांबल्यावर टाच मारायची सवय लागली असेल तर तेही पुरतं. काही जण लिव्हरला दोन स्वीच लावून वर किती, खाली किती हे मोजणारं जुगाड करतात. मीही केलं होतं. एकदा गिअर अर्धवट पडला की मोजणी चुकते आणि पुढे चुकलेलीच राहते, न्यूट्रल येईपर्यंत. आकडा नसलेला परवडतो, चुकीचा आकडा नाही.

पाच टोकांचा स्वीच मिळाला तर दाखवायला काही महाग लागत नाही, आणि इथे मला थोडं रमू द्या, कारण हे काम मला आवडतं. एक सात पट्ट्यांचा लाल एलईडी डिस्प्ले घ्या, कॉमन ॲनोड, म्हणजे सगळ्या पट्ट्यांचं प्लस टोक (ॲनोड) एकच असलेला. ॲनोड चाव्यानंतरच्या 12 व्होल्टला. प्रत्येक पट्टीला एक हजार ओहमचा रेझिस्टर. मग प्रत्येक गिअरच्या वायरीपासून त्या आकड्याला लागणाऱ्या पट्ट्यांपर्यंत 1एन4148 डायोड, पट्टी गिअर वायरीतून अर्थ होईल अशा दिशेने. ‘1’ ला दोन डायोड, ‘2’ ला पाच, ‘3’ ला पाच, ‘4’ ला चार, आणि न्यूट्रलला छोट्या ‘n’ साठी तीन. एकूण एकोणीस. न्यूट्रलच्या वायरीवर हिरवा दिवाही लावायचा तर त्याच्याही वाटेत एक डायोड घाला, म्हणजे मीटरच्या बल्बमधून उलटा करंट येऊन भुताटकी आकडे उमटणार नाहीत. मायक्रोकंट्रोलर नाही, प्रोग्राम नाही, बिघडायला काही नाही. गाडी 14 व्होल्ट देत असताना एका पट्टीतून साधारण 11 मिलिअँपिअर जातात, ‘2’ किंवा ‘3’ दिसत असताना सगळे मिळून साठच्या आत. सुटे भाग दोनशे रुपयांच्या आत येतात. मजुरी मात्र जास्त होते, एकोणीस डायोडांना डाग द्यायला संध्याकाळ जाते.

पण हे साठ मिलिअँपिअर कुठून घेता त्यावर सगळं अवलंबून आहे. स्प्लेंडरची बॅटरी अडीच अँपिअर-तासांची. आकडा थेट बॅटरीच्या लाल वायरीला जोडून ठेवला तर दोन रात्रींत ती बसते. चाव्यानंतरची काळी वायर घ्या, तिच्यावर एक अँपिअरचा फ्यूज. हेडलाइटच्या वायरीला चुकूनही हात लावू नका. या जुन्या गाडीत हेडलाइट मॅग्नेटच्या एसीवर चालते, डीसीवर नाही. तिथून सप्लाय घेतलेलं किट रेस केलं की फडफडतं आणि एक दिवस गप्प होतं, आणि मग शिव्या किटवाल्याला.

याहून मोठा घोळ बॅटरीचा. तुमच्या गाडीचं इग्निशन एसी सीडीआय आहे, म्हणजे प्लगला ठिणगी मॅग्नेटमधल्या वेगळ्या कॉइलवरून मिळते. बॅटरी मेली तरी किक मारली की गाडी सुरू. त्यामुळे आपल्याकडे कितीतरी स्प्लेंडर वर्षानुवर्षं मेलेल्या बॅटरीवर पळतायत, हॉर्न वाजला तर वाजला. अशा गाडीत डीसी लाइनवर आरआर युनिटमधून (मॅग्नेटच्या एसीचा डीसी करून व्होल्टेज आवरणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरमधून) येणारा करंट उड्या मारतो, कारण त्याला मुरवायला बॅटरी नाही. त्यात कुठलंही इलेक्ट्रॉनिक किट टाकणं म्हणजे ते जाळायला देणं. आधी चांगली बॅटरी. मग इंजिन रेस करून बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा. चौदा ते पंधराच्या दरम्यान राहिलं तर ठीक. सोळा-सतराकडे पळत असेल तर आरआर युनिट बदला, आकड्याचं नंतर बघू.

आता तुमच्या हौसेकडे, शिफ्ट लाइटकडे. टॅकोमीटर नसलेल्या गाडीला इंजिन किती फिरतं ते कळवायचं म्हणजे आधी आरपीएमचा, मिनिटाला किती फेरे याचा, सिग्नल हवा. सीडीआयकडून (ठिणगी सोडणाऱ्या डब्याकडून) कॉइलला जाणारी काळी-पिवळी वायर समोर दिसते आणि सगळे तिलाच जोडतात. तिच्यावर दर ठिणगीला दोनशे-तीनशे व्होल्टचा झटका असतो. किटमध्ये त्याची सोय असेल तर ठीक, नसेल तर पहिल्या किकलाच धूर. माझी पद्धत अशी की सिग्नलची वायर प्लगच्या जाड वायरीवर बाहेरून चार-पाच वेढे देऊन गुंडाळायची, कुठेही सोलायचं नाही, वर टेप. आतून ठिणगी गेली की बाहेरच्या वेढ्यांत पुरेसा धक्का उमटतो. आकडा उड्या मारत असेल तर एखादा वेढा कमी करा, आणि प्लग कॅप रेझिस्टरवाली आहे का ते बघा. स्वस्तातली बिनरेझिस्टरची कॅप अख्ख्या गाडीला रेडिओ स्टेशन बनवते.

दुसरी नेहमीची चूक: फोर-स्ट्रोक इंजिनाला दोन फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, म्हणून लोक किटमध्ये ‘दोन फेऱ्यांत एक पल्स’ ठेवतात. पण या सीडीआयला इंजिन कुठल्या स्ट्रोकवर आहे ते कळत नाही. तो प्रत्येक फेऱ्याला ठिणगी टाकतो, एक कामाची, एक वाया. सेटिंग ‘एका फेऱ्याला एक’ ठेवा. नाहीतर उभी गाडी दुप्पट, म्हणजे 2800 दाखवेल आणि तुम्ही कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळत बसाल.

आणि आता जे मला खरं सांगायचंय ते. शिफ्ट लाइट ही शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट, इंजिन वरच्या मर्यादेला पोचलं की लागते. तुमच्या मनातही तेच असणार. पण आपल्या खान्देशात जुनं शंभर सीसी इंजिन रेस करून मेलेलं मी फार कमी पाहिलंय. मरतात ती दाबून मारलेली. चौथ्यात वीसच्या वेगाने, मागे बायको आणि टाकीवर पोरगं, नाहीतर केळीच्या बागेतून निघालेली खताची गोणी, आणि इंजिन धड-धड करत चढ चढतंय. ‘टॉपवर ॲव्हरेज मिळतं’ हे डोक्यात पक्कं बसलेलं. इतक्या कमी फेऱ्यांवर थ्रॉटल उघडा ठेवला की प्रत्येक स्फोटाचा हातोडा कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगवर बसतो, चेन झटके खाते, आणि इंधन वाचतं म्हणावं तर तेही नाही, कारण थ्रॉटल पूर्ण उघडलेला असतो. म्हणून मी दोन दिवे लावतो. एक वरचा, एक खालचा. आणि खालचाच जास्त महत्त्वाचा मानतो.

आकडे सांगतो, तुमच्याच गाडीचे. मागचा 2.75-18 टायर एका फेऱ्यात साधारण 1.87 मीटर जातो. खालची मर्यादा मिनिटाला 2800 फेरे धरली तर चौथ्यात ती येते 28 किलोमीटरला, तिसऱ्यात 22 ला. त्याखाली गेलात आणि ओझं किंवा चढ असेल तर एक गिअर खाली या. वरची मर्यादा वीस वर्षांच्या इंजिनाला मी 7000 धरतो. या इंजिनाची ताकद 8000 च्या आसपास संपते, पण तिथपर्यंत जाण्यासारखं त्यात आता काही उरलेलं नाही. 7000 म्हणजे पहिल्यात 21, दुसऱ्यात 39, तिसऱ्यात 54 किलोमीटर. जुन्या शंभर सीसी गाड्यांच्या स्पीडोमीटरवर आतल्या बाजूला 1, 2, 3 असे पट्टे छापलेले असायचे, ते नेमकं हेच सांगायचे. शिफ्ट लाइटचा आजोबाच तो. तुमच्या मीटरवर तो उन्हाने उडाला असेल, किंवा कोणी डुप्लिकेट मीटर टाकलं असेल. काचेवर रंगाचे बारीक ठिपके देऊनही तेवढंच काम होतं, फुकटात. नानांसाठी मी 28 वर एक पिवळा ठिपका देईनच.

दिवेच हवे असतील तर वरच्या मर्यादेचा दिवा एलएम2917 या एकाच चिपवर होतो. पल्सचं व्होल्टेज करणं, तुलना करणं आणि 50 मिलिअँपिअरपर्यंतचा दिवा लावणं, तिन्ही ती करते. खालचा दिवा तिच्यावर नीट जमत नाही, कारण न्यूट्रलमध्ये गाडी उभी असताना तो सतत लागलेला राहील. त्याला ‘तिसरा किंवा चौथा पडलाय आणि फेरे 2800 च्या खाली आहेत’ अशी अट घालावी लागते. ती आर्डुइनो नॅनोवर, म्हणजे प्रोग्राम टाकता येणाऱ्या छोट्या बोर्डवर, पाच ओळींत होते. तुमच्या ओळखीत इंजिनिअरिंगचा एखादा पोरगा असेलच, त्याला एक रविवार द्या. ड्रमच्या वायरी त्याला मिळाल्या की चाकाचा सेन्सर लागतच नाही, हाही त्या स्वीचचा फायदा.

ड्रमचा स्वीच नसेल आणि चाकाचे फेरे मोजायचेच असतील तर हॉल सेन्सर लावा, ए3144 सर्रास मिळतो. प्रकाशावर चालणारा सेन्सर लावू नका. पहिल्या पावसात चोपडा-यावल रस्त्यावरचा चिखल त्याचा डोळा बंद करेल. हॉल सेन्सरला चिखल दिसत नाही, त्याला फक्त मॅग्नेट दिसतं. अक्षरं छापलेली बाजू मॅग्नेटकडे, मॅग्नेटचा दक्षिण ध्रुव सेन्सरकडे, मध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा, आणि सिग्नलच्या वायरीला दहा हजार ओहमचा रेझिस्टर वर ओढून. एक मॅग्नेट पुरत नाही. दहाच्या वेगाला चाक सेकंदाला दीड फेराही फिरत नाही, आकडा उमटेपर्यंत तुम्ही पुढचा गिअर टाकलेला असतो. चार लावा, सारख्या अंतरावर. ते ड्रम ब्रेकच्या हबला चिकटवू नका, स्प्रॉकेटच्या बाजूला लावा. साधं निओडिमियम मॅग्नेट 80 अंशांच्या पुढे ताकद सोडायला लागतं. बिजासन किंवा कन्नडचा घाट ब्रेकवर उतरलात तर हब तेवढा तापतो, शिवाय फेविक्विकही सुटतं. चाळीसगावच्या एका गिऱ्हाइकाने मला घाटात तीन मॅग्नेट हरवल्याचा हिशेब दिला होता. चौथं घेऊन तो दुकानात आला होता.

दिवा कुठे लावायचा यावर फार लिहीत नाही. मीटरच्या वरच्या कडेला, मान न हलवता नजरेच्या कोपऱ्यात दिसेल असा, फक्त चालवणाऱ्याला दिसणारा. खालच्या मर्यादेला पिवळा, वरच्याला लाल. निळा नको, तो हाय बीमचा. पण ऊन विसरू नका. भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा उन्हात उभ्या गाडीचं मीटर हाताला चटका देतं. एलसीडीचे डिस्प्ले या उन्हात काळे पडतात, ग्लू गनने चिकटवलेलं सगळं मऊ होऊन खाली घरंगळतं. एलईडीच घ्या, समोर लाल ॲक्रिलिकचा तुकडा, वर छोटी टोपी, आणि पकडायला स्क्रू. दुपारी दिसेल इतका उजेड रात्री डोळ्यांत खुपतो, म्हणून एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर, वापरून रात्री मंद करायची सोय ठेवा. नानांना मोतीबिंदू असेल तर हे जास्तच गरजेचं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी हिरवा दिवा, मग बॅटरी आणि आरआर युनिटची तपासणी, मग जुना स्वीच काढून जुळवाजुळव. स्वीच जुळला तर डायोडचा आकडा, नाही जुळला तर शिकणारं किट. दिवे सगळ्यात शेवटी. किट आधी मागवून मग गाडी उघडू नका. मागवलेलं असतं म्हणून लोक ते बळजबरीने बसवतात.

बसवल्यावर स्टँडवर प्रत्येक गिअर तपासा आणि मग अडावदपर्यंत एक चक्कर मारा, कोणालातरी मागे बसवून. परत आल्यावर गाडी गार होऊ द्या आणि डावं कव्हर पुन्हा एकदा उघडा. नवी वायर चेनला लागत असेल तर तिच्यावर एका बाजूला काळा, चकचकीत चट्टा पडलेला दिसेल. दिसला तर वायर स्लीव्हमध्ये घालून क्लिपने इंजिनाच्या अंगाला धरा, मगच नानांच्या हातात चावी द्या.